कंपाउंडर काकांची मडकी

टँकर पुरता थांबायच्या आतच महादूच्या आईचा पाय मागच्या चाकाखाली गेला.

घागरींच्या खणखणाटात हाड मोडल्याचा आवाज कुणाला आला नाही. पण म्हातारी अशी किंचाळली की सत्तर-ऐंशी माणसांची गर्दी एकदम गप झाली. पाण्याचा पाइप हातात धरून टपावर चढलेली पोरंसुद्धा जागच्या जागी थिजली. मग महादूनं ड्रायव्हरला केबिनमधून गचांडी धरून खाली ओढला.

महादू टेंकाळे टेंपो चालवायचा. आमच्या गल्लीच्या पार खालच्या टोकाला त्याचं घर. अंगानं रेड्यासारखा, पण एरवी कुणाला अरे म्हणाला नसता. त्या दिवशी त्यानं ड्रायव्हरच्या तोंडावर पितळी कळशी घातली. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी कळशी चेपली. मग बाकीचे तुटून पडले. मीही दोन लाथा घातल्या. का घातल्या, ते विचारू नका. सगळे घालत होते. ड्रायव्हर कसाबसा सुटला आणि रक्ताळलेलं नाक दाबत मेन रोडच्या दिशेनं पळाला. टँकरची तोटी उघडीच राहिली होती. लोक परत पाण्यावर पडले. अर्धं पाणी भांड्यांत गेलं, अर्धं चिखलात. म्हातारीला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, तेव्हा तिच्या लुगड्याला तोच चिखल लागलेला होता.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. धरण फेब्रुवारीतच आटलेलं. नळ दहा-अकरा दिवसांनी चाळीस मिनिटं यायचा, टँकर आला तर आठवड्यानं. मी दिगंबर सोनटक्के. गल्लीच्या मध्यावर माझं घर, आणि बाजारात मोटार रिवायंडिंगचं दुकान.

टँकर रिकामा झाल्यावरही गर्दी हलेना. महादू चाकापाशी उभा होता. शर्टावर आईचं रक्त.

"नऊ दिवसांनी टँकर आला," तो म्हणाला. "परवा नळ आला, तर आमच्या टोकाला नुसती हवा. फुस्स. वरच्या घरांना पाणी, मग आमच्यापर्यंत का येईना? मधी कोनतरी ओढायलंय. आज मी एकेक घर बघणार. न्हाणीघरं बघणार, फरशा उचकटणार."

"बघाच," एक बाई म्हणाली. "माझ्या घरापासून सुरू करा."

"घरं कशाला बघायलाव?" मी म्हणालो. "सगळ्या गावात पाला जळून गेलाय, आन् एकाच्या अंगणात दुधी लटकायलेत. आधी तिथं बघा की."

कुणाचं अंगण, ते सांगायची गरज नव्हती. सगळ्यांच्या माना माझ्या शेजारच्या घराकडे वळल्या.

तिथं त्र्यंबक घोगरे राहायचे. अठ्ठावीस वर्षं एका डॉक्टरकडे कंपाउंडर होते, म्हणून सगळे त्यांना कंपाउंडर काकाच म्हणत. गल्लीतल्या प्रत्येक माणसानं त्यांच्या हातची सुई खाल्लेली. पासष्टीचा किडकिडीत माणूस, कायम अर्ध्या बाह्यांची बंडी. त्यांच्या बायकोला, कौसाकाकूला, तीन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं असं अडखळत, चावल्यासारखं झालं की काकांशिवाय फक्त माझ्या बायकोलाच ते कळायचं. अनसूया, माझी बायको, रोज दुपारी तासभर तिच्यापाशी जाऊन बसायची.

काकांचं अंगण म्हणजे दहा बाय वीसची जागा. त्यात वांगी, दुधीचा वेल, शेवगा, लिंबू, मोगरा. फेब्रुवारीनंतर गावातली सगळी परसं करपली, पण हे अंगण हिरवंच. शिवाय कुंपणातून बघितलं की झाडांमधून पारदर्शक नळ्या गेलेल्या दिसायच्या. त्या नळ्यांवरून गल्लीत कुजबुज सुरूच होती. मी ती उघड बोललो, एवढंच.

कुणीतरी माझ्याच ओट्यावरची सब्बल, लोखंडी पहार, आणली. ती माझ्या हातात आली.

काका त्या वेळी काकूला अंघोळ घालत होते. तिला नवारीच्या बाजेवर निजवून, वरून साडी टाकून, एका तांब्यानं हळूहळू पाणी ओतायचे. बाजेखाली पत्र्याचं मोठं घमेलं असायचं. सगळं पाणी त्यात पडायचं. साबण नाही, बेसन आणि रिठा. आम्ही फाटक लाथेनं उघडलं तेव्हा त्यांच्या हातात तांब्या होता.

"काय झालं?" ते म्हणाले. "महादू, रक्त कशाचं रे? इकडं ये, बघू."

"पाइप कुठंय?" महादू म्हणाला.

"कसला पाइप?"

"चोरून घेतलेला. मेन लाइनचा."

काकांनी आधी काकूच्या अंगावरची साडी सारखी केली. मग उठून उभे राहिले. "पाइप नाही बाबा. तुम्ही आधी बाहेर व्हा, ही ओली आहे. मग सगळं दाखवतो."

"मग ह्या नळ्या कशाच्या?" मी ओरडलो.

"सलाइनच्या आहेत. रिकाम्या बाटल्या. वर बघ, फांदीला टांगल्यात. मिनिटाला सहा थेंब..."

पुढचं कुणी ऐकलंच नाही. कुणीतरी एक नळी ओढली, बाटली खाली पडून फुटली. दुसऱ्यानं घमेल्याला लाथ घातली आणि ते पाणी काकांच्या पायांवरून वाहत गेलं. काका "अरे, ते वांग्यांचं पाणी आहे!" म्हणून घमेलं धरायला वाकले, तेव्हा महादूनं त्यांना मागून ढकललं. ते बाजेच्या पायावर आपटले. कपाळ फुटलं. काकू बाजेवरून ओरडू लागली. शब्द नव्हतेच, नुसता घशातून निघणारा आवाज.

मी वांग्यांच्या वाफ्यात शिरलो. जमिनीवर उसाच्या पाचटाचा आणि वाळल्या कडुलिंबाच्या पाल्याचा ढोपरभर थर होता. पायानं तो बाजूला सारला. खाली माती काळी, ओलसर, थंड. बाहेर रस्त्याचं डांबर पाघळत होतं आणि इथं माती ओली. मी सब्बल मारली.

खाली काहीतरी फुटलं आणि मातीतून पाणी वर आलं.

"पाइप फुटला!" एक बाई किंचाळली. "पाणी! हे बघा पाणी!"

त्यानंतर त्या अंगणात जे झालं त्याला खणणं म्हणता येणार नाही. लोक हातांनी माती उपसत होते. वेल मांडवासकट खाली आला. मोगऱ्याची कुंडी कुणीतरी भिंतीवर फेकून फोडली. एकानं शेवग्याला कुऱ्हाड घातली, त्याच्या मुळाखाली पाइप असणार म्हणून. दोन बायकांची वांग्यांवरून झोंबाझोंबी झाली. एकीनं दुसरीच्या दंडाला असा चावा घेतला की रक्त आलं. मी सब्बल मारत होतो. जिथं मारू तिथं काहीतरी फुटायचं आणि तांब्या-दोन तांबे पाणी वर येऊन जिरून जायचं. आठ ठिकाणी असं झालं. मग नवव्या ठिकाणी महादूनं मातीत हात घालून जे फुटलं होतं ते वर काढलं.

मडकं होतं. साधं, भाजलेलं, लाल मडकं. त्याच्या तोंडावर मातीचीच झाकणी.

तो ते तुकडे हातात धरून बघत राहिला. मग दहावं खणलं. तिथंही मडकं. अकरावं. तिथंही. प्रत्येक झाडाजवळ गळ्यापर्यंत पुरलेलं एकेक. पाइप कुठंच नव्हता. मेन लाइन तर अंगणाच्या त्या बाजूला नव्हतीच.

गर्दीचा आवाज उतरला. लोक एकमेकांकडे बघायचं टाळू लागले. काका बाजेला धरून उठले. अर्धा चेहरा रक्तानं माखलेला.

"मडक्यातून पाणी पाझरतं," ते म्हणाले. ते शिकवावं तसंच बोलत होते. "मुळं तिथवर येतात, पितात. वरून ओतलं तर ऊनच पिऊन टाकतं. पाच दिवसांतून एकदा भरायचं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, हिच्या अंघोळीचं. वाळूच्या बादलीतून गाळून. नळाचा एक थेंब यात नाही रे, महादू. एक थेंब नाही."

"मग पाणी जातं कुठं?" महादूनं विचारलं. रडकुंडीला आला होता तो. "माझी आई मरायली तिकडं. आमचं पाणी कुठं जातं, काका?"

काकांनी डोळ्यावर आलेलं रक्त पुसलं. "तेच सांगतो," ते म्हणाले. त्यांनी हात उचलला.

आणि मी सब्बल फिरवली.

ती आडवी त्यांच्या जबड्यावर बसली. ते खाली पडले ते काकूच्या बाजेलगतच. तोंडातून दात आणि रक्त एकदम आलं. मी पुन्हा सब्बल उचलली होती. खरंच उचलली होती, आणि ती खाली आली असती. महादूनं माझं मनगट धरलं.

"बस झालं," तो म्हणाला. "दिगू, बस झालं. काय चूक त्याची?"

"चोर हाय तो," मी म्हणालो.

काकू बोलत होती. पालथ्या पडलेल्या नवऱ्याच्या पाठीवर तिचा चांगला हात होता आणि ती तोच एक शब्द पुन्हा पुन्हा उच्चारत होती. "मो... मो..." लोकांना वाटलं, ती 'मेले' म्हणतेय. एक बाई तिला म्हणाली, "मेले नाहीत काकू, जिवंत आहेत."

अनसूया फाटकात उभी होती. कधी आली, मला माहीत नाही. तिनं काकूचं बोलणं ऐकलं. काकांच्या तोंडाकडे बघितलं. मग माझ्याकडे. आणि वळून आमच्या घरात गेली.

मला कळलं ती कुठे गेली. मी सब्बल धरून तिथंच उभा राहिलो.

आत फरशी उचकटल्याचा आवाज झाला. शहाबादी फरशी, उचलायला दोन माणसं लागायची ती. मग काहीतरी जड ओढल्याचा आवाज. अनसूया दारातून पाठमोरी बाहेर आली. पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ग्रीसनं माखलेले. ती अर्ध्या अश्वशक्तीची मोटार ओढत होती. माझीच, मीच वाइंडिंग केलेली, आवाज होऊ नये म्हणून रबरी पायपोस आणि गोणपाटात गुंडाळलेली. तुटक्या पाइपातून अजून पाणी ठिबकत होतं. तिनं ती रस्त्याच्या मधोमध आणून सोडली.

"हे घ्या," ती म्हणाली. "पाणी इथं जातं. न्हाणीघराच्या खाली खड्ड्यात होती. नळ आला की ही चालू होते. काकूच्या उशाच्या भिंतीला लागून. तीन महिने ती ऐकायली. आज तेच बोंबलून सांगायली तुम्हाला. मोटार, मोटार. मीपण गप बसले. त्याच पाण्यात मी भाकरी थापली."

काकांनाही माहीत होतं. जानेवारीत त्यांनी मला फाटकापाशी गाठून हळूच सांगितलं होतं, "दिगू, ती मोटार काढ. खालच्या घरांत लहान लेकरं आहेत." फेब्रुवारीत परत सांगितलं, "मी कुणाला बोलणार नाही. तूच काढ." मी दोन्ही वेळा हो म्हणालो होतो. महादू न्हाणीघरांच्या फरशा उचकटायची भाषा बोलला तेव्हा मी दुधीकडे बोट दाखवलं, ते यासाठी. आणि काकांनी जो हात उचलला होता, तो माझ्या भिंतीकडे होता.

महादूनं माझ्या हातातून सब्बल काढून घेतली. ओढावी लागली नाही, मी दिली.

पहिला घाव गुडघ्यावर बसला. मग किती बसले, मोजले नाहीत. सब्बल, लाथा, चपला, फुटक्या मडक्यांचे तुकडे. ज्या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवून "पाइप फुटला" म्हणून आरोळी ठोकली होती, तिनं माझ्या कानशिलात दगड घातला. मी जमिनीवर हात टेकला तर त्यावर कुणीतरी घमेलं आपटलं. उजव्या हाताची तीन बोटं तिथंच गेली. तारेचे वेढे देणारा हात तो. मी अनसूयाला हाक मारली.

ती मधे पडली नाही. मला पायांच्या जंगलातून ती दिसत होती. काकांचं डोकं मांडीवर घेऊन, स्वतःचा पदर फाडून ती त्यांचा जबडा बांधत होती. एकदाही तिनं मान वर केली नाही.

टँकरच्या ड्रायव्हरनं तक्रार दिली होती म्हणून पोलिसांची जीप आली, आणि मी वाचलो.

हॉस्पिटलात आम्ही एकाच वॉर्डात होतो. समोरासमोर खाटा. काकांचा जबडा तारेनं बांधलेला, नळीतून दूध. हवालदार जबाब घ्यायला आला तेव्हा त्यांनी कागद मागून घेतला आणि सावकाश लिहिलं. हवालदारानं मोठ्यानं वाचलं: "मला दिगंबर सोनटक्के यांनी मारले. बाकीच्यांना मी ओळखत नाही."

गल्लीतल्या एकूण एक माणसाला त्यांनी लहानपणापासून सुया टोचल्या होत्या.

"काका," मी रात्रभर तळमळून सकाळी म्हणालो, "माझं चुकलं." त्यांनी कूस बदलली, भिंतीकडे. रोज सकाळी मी तेच म्हणायचो. रोज ते कूस बदलायचे. सोळा दिवस.

अनसूया वॉर्डात यायची ती त्यांच्याकडे. मला डबा ठेवायची, बोलायची नाही. ती काकूजवळ राहायला गेली होती. काका घरी परतल्यावरही ती तिथंच राहिली. मी हॉस्पिटलातून जामिनावर सुटून आलो तेव्हा घराला कुलूप होतं आणि किल्ली भिंतीवरच्या कोनाड्यात.

पुढचे तीन महिने मी कुंपणाच्या अलीकडून बघत असे. हात प्लॅस्टरमध्ये, दुकान बंद, बघण्याशिवाय काम नव्हतं. पहिल्या आठवड्यात महादू टेंपोत कुंभाराकडची तीस मडकी घालून आला. आईचा पाय वाचला होता, लंगडत का होईना. मडकी उतरवून झाल्यावर तो अंगणात उभाच राहिला. काकांनी त्याला फावडं दिलं.

जबडा बांधलेला असल्यामुळे काका पाटीवर लिहून सांगायचे. अनसूया मोठ्यानं वाचायची. मडकं चकाकीचं नको, झिरपलं पाहिजे. मुळापासून वीतभर लांब पुर. तोंड झाक, नाहीतर डास होतील. पाचट पसर, पण खोडाला भिडवू नको, कुजतं. पाणी उन्हं कलल्यावर. खरकट्या भांड्यांचं तेलकट पाणी नको. हळूहळू कुंपणापाशी चारजणी उभ्या राहू लागल्या, मग आठ. दंडाला चावा घेणारी आणि जिला चावा बसला ती, दोघी एकाच घमेल्याचे दोन कान धरून पाणी नेताना मी बघितल्या. जुलैत, पाऊस नसतानाच, त्या गल्लीत सात घरी दोडकी लागली होती.

माझ्या अंगणात काही नव्हतं. कुणी मला शिकवलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढे खटला चालला, मी गुन्हा कबूल केला, सात महिने आत काढले. पण ते सगळं नंतरचं. त्याआधी, श्रावणातल्या एका सकाळी, कौसाकाकू गेली. झोपेतच गेली. पाऊस आदल्याच आठवड्यात सुरू झाला होता.

गल्लीतलं झाडून सगळं माणूस जमलं. मी मागे उभा होतो. कुणी मला हाकललं नाही, कुणी जागाही दिली नाही. तिरडी बांधून झाली. काकांना मूलबाळ नव्हतं. महादू एका बाजूला वाकला, दोघं आणखी वाकले. बांबूचं चौथं टोक मोकळं होतं. मी पुढे झालो आणि डाव्या, धड हातानं ते धरलं.

काका मडकं घेऊन पुढे निघायच्या बेतात होते. त्यांनी वळून बघितलं. मडकं खाली ठेवलं. माझ्यापर्यंत चालत आले. तोपर्यंत तोंडाची तार निघाली होती, पण जबडा वाकडाच बसला होता. बोलायला त्रास व्हायचा. त्यांनी माझी बोटं बांबूवरून एकेक करून सोडवली. रागानं नाही. एखाद्या पेशंटच्या हाताची पट्टी सोडवावी तशी.

मग त्यांनी दाराकडे बघितलं. बायका तिथंच थांबलेल्या होत्या, आमच्याकडे त्या तिरडीमागे जात नाहीत.

"अनसूया," काका म्हणाले. शब्द चावला गेला, पण सगळ्यांना कळला. "ये, पोरी. तू धर."

ती आली. पदर खोचून वाकली. महादूनं "उचला" म्हटलं, आणि ते सगळे गल्लीतून खाली गेले. मी फाटकापाशी उभा राहिलो.